एका सप्लायवरचे दोन ग्राहक : रेग्युलेटरच्या व्होल्टेज-बंधनांचे एक प्रकरण

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण चुकीचे वागू लागले, की पहिला संशय ओलाव्यावर घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. येथे मांडलेल्या प्रकरणात मात्र याच संशयापायी आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले. दोष ओलाव्यात नव्हता, जोडणीत नव्हता आणि प्रोग्रामच्या कोणत्याही एका ओळीतही नव्हता. लिनक्स कर्नलला, म्हणजे उपकरणाची चिप-चिप सांभाळणाऱ्या त्याच्या मूळ सॉफ्टवेअरला, आमच्या बोर्डाविषयी जे सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नव्हते, आणि जे सांगितले होते ते जुन्या बोर्डाचे होते.

आमचे काम अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात चालते. दादर, परळ, कुर्ला, शीव अशा भागांतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या तळघरांत आणि पंपघरांत पाण्याची पातळी मोजणारे एक छोटे उपकरण आम्ही बनवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून सखल भागातले रहिवासी तळघरातल्या पाण्याकडे किती बारकाईने पाहतात हे निराळे सांगायला नको. भरतीच्या वेळीच मोठा पाऊस लागला तर पाण्याचा निचरा खुंटतो, आणि अशा वेळी पंप अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी खाली लावलेल्या गाड्या पाण्यात जातात. म्हणून असे उपकरण पातळी जास्त दाखवत असेल तर ती गैरसोय असते, पण कमी दाखवत असेल तर तो धोका असतो. आमचे उपकरण कमी दाखवत होते.

पहिली तक्रार परळच्या एका सोसायटीतून आली. तिथले पंप चालवणारे काका फोनवर म्हणाले, "साहेब, पाणी माझ्या गुडघ्याला लागलंय आणि तुमचं यंत्र घोट्याएवढं सांगतंय." आम्ही उपकरण काढून गाळ्यात आणले, त्यातले एसडी कार्ड नोंदी वाचण्यासाठी बाजूला काढले, बोर्ड वाळवून टेबलावर सुरू केला आणि सर्व वाचने बिनचूक आली. ओलावा होता, तो गेला, असे लिहून ते परत पाठवले. त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून तशीच तक्रार आली आणि आम्ही दोन्ही वेळा तेच केले. कार्ड काढून उपकरण तपासण्याची ही सवयच दोष झाकत होती, हे पुढे कळले.

बोर्डावर काय होते

उपकरणात पाण्यात सोडलेला दाबमापक आहे. त्याचा ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह १६ बिटांच्या एका एडीसी चिपमध्ये (विद्युत संकेताचा आकडा करणाऱ्या चिपमध्ये) जातो आणि तिथून एसपीआय बस या तारांच्या जोडणीवरून प्रोसेसरकडे आकडा येतो. सर्व चिपांना लागणारे निरनिराळे व्होल्टेज एकच पॉवर मॅनेजमेंट चिप पुरवते. तिच्यातल्या तिसऱ्या एलडीओचे, म्हणजे ठरलेले व्होल्टेज देणाऱ्या एका रेग्युलेटरचे, व्होल्टेज सॉफ्टवेअरने ठरवता येते : ०.८ व्होल्टपासून ३.४ व्होल्टपर्यंत, ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी, एकूण ५३ पायऱ्या.

पहिल्या आवृत्तीच्या बोर्डावर हा एलडीओ फक्त एसडी कार्डाच्या सिग्नल-पिनांना वीज देत असे. एसडी कार्डाचे संभाषण ३.३ व्होल्टवर सुरू होते, आणि कार्ड यूएचएस-१ या वेगवान जातीचे असेल तर अधिक वेगासाठी कार्ड आणि होस्ट (प्रोसेसरच्या बाजूचा, कार्डाशी बोलणारा भाग) दोघेही १.८ व्होल्टवर उतरतात. त्यामुळे डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला बोर्डाचे वर्णन देणाऱ्या फाईलमध्ये, या एलडीओचे किमान व्होल्टेज १८,००,००० मायक्रोव्होल्ट आणि कमाल ३३,००,००० मायक्रोव्होल्ट असे लिहिले होते, आणि त्या बोर्डापुरते ते अगदी बरोबर होते. जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. कर्नल सगळे व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये मोजतो आणि त्यात एखादे शून्य कमी-जास्त होण्याचा धोका कायम असतो, म्हणून आम्ही बोलताना आणि तपासणीच्या कागदावरही आपल्या पद्धतीने अठरा लाख, तेहतीस लाख असेच म्हणतो. ऐकणाऱ्याला चूक लगेच खटकते.

दुसऱ्या आवृत्तीत खर्च आणि जागा वाचवण्यासाठी एक निराळा एलडीओ काढून टाकला आणि एडीसीची डिजिटल बाजू याच तिसऱ्या एलडीओवर घेतली. एडीसीच्या डिजिटल बाजूला २.७ ते ३.६ व्होल्ट लागतात. सर्किटच्या आराखड्यात हे ठळक दिसत होते, पण आराखडा बदलला म्हणून डिव्हाइस ट्रीमधले ते दोन आकडे पुन्हा तपासावेत असे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही, आणि त्या फाईलवर शेवटची सही माझीच होती.

तरीही हा बोर्ड वर्षभर नीट चालला, कारण आम्ही वापरत असलेली कार्डे जुन्या जातीची होती आणि ती १.८ व्होल्टची मागणीच करत नसत. जूनअखेरीस त्यांचा साठा संपला, लॅमिंग्टन रोडवरून मिळाली ती यूएचएस-१ कार्डे आणून बसवली, आणि नेमका त्याच आठवड्यात पावसाने जोर धरला. पाऊस आणि नवी कार्डे एकदमच आली. आम्ही पावसाकडे पाहत राहिलो.

मौन म्हणजे संमती

धागा सापडला तो चुकीच्या वाचनांच्या स्वरूपात. आमच्या हार्डवेअरचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एका उपकरणाच्या आठवडाभराच्या कच्च्या नोंदी कागदावर उतरवून घेतल्या आणि शेजारशेजारच्या वाचनांतले फरक काढले. ओलाव्याने किंवा विद्युत गोंगाटाने वाचन बिघडले असते, तर ते कधी वर आणि कधी खाली गेले असते. इथे प्रत्येक चुकीचे वाचन खालीच होते, आणि फरक बरोबर ५१२, २०४८, कधी दोन्हींची बेरीज, असा. ५१२ आणि २०४८ ही बायनरी आकड्यातल्या एकेका बिटाची किंमत. म्हणजे एडीसी देत असलेला एखादा "एक" प्रोसेसरला "शून्य" दिसत होता, आणि उलटे कधीही घडत नव्हते. बाई म्हणाल्या, "हा ओलावा नाही, हा उंबरठा आहे." उंबरठा म्हणजे "एक" आणि "शून्य" यांच्यामधली व्होल्टेजची सीमा.

आम्ही चालू असलेल्या एका उपकरणात दुरून प्रवेश करून कर्नलच्या डीबग विभागातला रेग्युलेटरांचा गोषवारा उघडला. त्यात प्रत्येक रेग्युलेटरचे सध्याचे व्होल्टेज आणि त्याखाली त्याच्या प्रत्येक ग्राहकाने (त्यावरून वीज घेणाऱ्या भागाने) मागितलेली किमान-कमाल मर्यादा दिसते. तिसऱ्या एलडीओसमोर १८०० मिलिव्होल्ट असे होते. त्याखाली दोन ग्राहक होते. एसडी होस्टने १८०० ते १९५० मागितले होते, आणि एडीसीच्या ओळीत दोन्ही रकान्यांत शून्य होते.

ही शून्ये समजून घेण्यासाठी रेग्युलेटर फ्रेमवर्कची, म्हणजे कर्नलमधल्या रेग्युलेटर सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, रचना थोडी पाहावी लागते. लियाम गर्डवुड आणि मार्क ब्राऊन यांनी लिहिलेले हे फ्रेमवर्क २००८ च्या ऑक्टोबरात २.६.२७ या आवृत्तीतून लिनक्समध्ये आले. त्यात तीन बाजू काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. रेग्युलेटरचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कर्नलमधला प्रोग्राम, चिप काय करू शकते ते सांगतो. बोर्डाचे वर्णन, म्हणजे आज बहुतेक ठिकाणी डिव्हाइस ट्री, या बोर्डावर काय करायची मुभा आहे ते सांगते. आणि वीज घेणारा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे ग्राहक, आपल्याला काय हवे ते मागतो. ग्राहकाने मर्यादा मागितली की कर्नल ती आधी बोर्डाच्या बंधनात बसवतो, मग त्याच सप्लायवरच्या इतर ग्राहकांच्या मर्यादांशी तिचा छेद, म्हणजे सगळ्यांना चालणारा सामाईक पट्टा, काढतो. छेद रिकामा निघाला तर मागणी नाकारली जाते. निघाला नाही तर त्यात बसणारे सर्वांत कमी व्होल्टेज लावले जाते. ज्या ग्राहकाने काहीच मागितलेले नाही, त्याला बोर्डाच्या बंधनातले कोणतेही व्होल्टेज चालते असे धरले जाते.

आमच्या एडीसीचा ड्रायव्हर आम्हीच लिहिलेला होता आणि तो सप्लाय मिळवून सुरू करण्यापलीकडे काहीही करत नव्हता. जुन्या बोर्डावर त्याचा एलडीओ कायम ३.३ व्होल्टवर बांधलेला असल्यामुळे मागण्यासारखे काही नव्हतेच. नव्या बोर्डावर त्याचे हे मौन संमती ठरले. एसडी होस्टने १.८ व्होल्ट मागितले, बोर्डाची परवानगी १८ लाखांपासून होती, दुसरा ग्राहक गप्प होता; कर्नलने नियमाप्रमाणे व्होल्टेज खाली आणले. एडीसीचा "एक" आता १.८ व्होल्टचा झाला, तर ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या पिनेला "एक" खात्रीने ओळखण्यासाठी किमान २.० व्होल्ट लागतात. १.८ हा मधला संदिग्ध पट्टा आहे. पुष्कळदा तो "एक" वाचला जातो, आणि तापमान किंवा शेजारच्या पंपाचा धक्का यांनी उंबरठा थोडा सरकला की "शून्य". गाळ्यात आणलेल्या उपकरणातून कार्ड काढलेले असे आणि वीज नव्याने दिलेली असे, त्यामुळे एलडीओ आपल्या मूळच्या ३.३ व्होल्टवरच राही आणि आम्हांला सगळे ठीक दिसे.

यात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला अधिक अस्वस्थ करून गेली. प्रोसेसर एडीसीला पाठवत असलेले सिग्नल ३.३ व्होल्टचेच होते. १.८ व्होल्टवर चालणाऱ्या चिपच्या पिनेत ३.३ व्होल्ट गेले, की जादा प्रवाह तिच्या संरक्षक डायोडांतून वाहतो, आणि ते डायोड दिवसरात्र असा प्रवाह वाहण्यासाठी नसतात. म्हणजे वाचन चुकत होते एवढेच नव्हे, तर चिप झिजतही असण्याची शक्यता होती.

चुकलेली दुरुस्ती

कारण कळल्यावर घाई झाली, आणि घाईत एक दुरुस्ती अशी झाली की ती सविस्तर सांगायलाच हवी. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने विचार केला की हा एलडीओ ३ व्होल्टच्या खाली जाऊच नये, तर ते रेग्युलेटरच्या ड्रायव्हरमध्येच लिहून टाकावे. त्याने ड्रायव्हरच्या वर्णनातले किमान व्होल्टेज ८,००,००० होते ते ३०,००,००० केले आणि बाकी काही बदलले नाही. बोर्ड सुरू करताच कर्नलच्या नोंदीत अशी ओळ आली, की ५५ लाख मायक्रोव्होल्टवरून ३३ लाखांवर आणत आहे. साडेपाच व्होल्ट हा आकडा पाहून त्याने वीज बंद केली. पुन्हा सुरू करून मीटर लावला तेव्हा प्रत्यक्षात मिळाले १.१ व्होल्ट, आणि कार्ड व एडीसी दोन्ही मुकी झालेली.

गणित साधे आहे. चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आत आकडा ठेवायच्या जागेत, व्होल्टेज नसते, पायरीचा क्रमांक असतो, आणि ड्रायव्हरमधले किमान व्होल्टेज म्हणजे शून्याव्या पायरीचे व्होल्टेज. वीज दिल्यावर रजिस्टरमध्ये ५० होते, म्हणजे ०.८ अधिक ५० पायऱ्यांचे २.५, एकूण ३.३. शून्यावी पायरी ३ व्होल्टची आहे असे सांगितल्यावर कर्नलने त्याच ५० चा अर्थ ५.५ असा लावला, ते बोर्डाच्या कमाल मर्यादेच्या वर आहे म्हणून ३.३ वर आणायला निघाला, त्यासाठी आपल्या हिशेबाने सहावी पायरी लिहिली, आणि चिपने सहाव्या पायरीचे खरे व्होल्टेज दिले : १.१. चूक खालच्या बाजूला झाली म्हणून काही जळले नाही. वर्णनातला आकडा उलट दिशेने बदलला असता, तर तोच हिशेब वरच्या पायरीवर जाऊन थांबला असता.

पायऱ्यांची सुरुवात ४४ पासून धरावी असे ड्रायव्हरला सांगण्याची सोय आहे आणि तसे केले असते तर हिशेब जुळलाही असता. तरीही मी तो बदल स्वीकारला नसता. हीच चिप आमच्या दुसऱ्या एका उपकरणात आहे आणि तिथे हाच एलडीओ १.२ व्होल्ट पुरवतो. चिपच्या वर्णनात बोर्डाचा नियम घुसवला की तो नियम त्या चिपच्या प्रत्येक बोर्डाला लागतो. सहकाऱ्याला हे समजावून सांगताना मला जाणवले, की त्याची चूक आणि माझी चूक एकाच जातीच्या होत्या. त्याने बोर्डाची गोष्ट चिपच्या जागी लिहिली होती, आणि मी जुन्या बोर्डाची गोष्ट नव्या बोर्डाच्या जागी राहू दिली होती.

अखेर काय केले

दुसरा मार्ग एडीसीच्या ड्रायव्हरने तोंड उघडण्याचा होता. त्याने २७ ते ३६ लाखांची मर्यादा मागितली, की १.८ व्होल्टच्या मागणीशी तिचा छेद रिकामा निघतो आणि कर्नल ती मागणी नाकारतो. हे आम्ही करून पाहिले आणि दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की एडीसीचा ड्रायव्हर एसडी होस्टच्या आधी सुरू झाला तर कर्नल छेदातले सर्वांत कमी, म्हणजे नेमके २.७ व्होल्ट लावतो. एडीसी चालते, पण अगदी कडेवर. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची होती. एखादे व्होल्टेज शक्य आहे का, असे एसडी होस्ट सुरुवातीला विचारतो, तेव्हा कर्नल फक्त चिपची क्षमता आणि बोर्डाचे बंधन पाहून उत्तर देतो. इतर ग्राहकांच्या मागण्या त्या प्रश्नात धरल्या जात नाहीत. त्यामुळे होस्टला "शक्य आहे" असे उत्तर मिळते, तो कार्डाला व्होल्टेज बदलण्याची आज्ञा देतो, कार्ड तयार होते, आणि मग प्रत्यक्ष बदल नाकारला जातो. कार्डाची वीज घालवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. असे दहा प्रयत्न झाल्यावर कर्नल व्होल्टेज-बदलाचा नाद सोडतो आणि कार्ड ३.३ व्होल्टवर सुरू होते. एडीसी सुरक्षित राहते, पण प्रत्येक वेळी कार्ड सुरू होताना ही झटापट होते, आणि नोंदींत इशाऱ्यांची रांग लागते.

म्हणून मूळ जागी दुरुस्ती केली. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डासाठी स्वतंत्र डिव्हाइस ट्री केली आणि तिच्यात या एलडीओचे किमान आणि कमाल दोन्ही ३३,००,००० लिहिले. दोन्ही आकडे सारखे असले, की कर्नल त्या रेग्युलेटरला व्होल्टेज बदलण्याची परवानगीच देत नाही. मग एसडी होस्टच्या प्रश्नाला सुरुवातीलाच "शक्य नाही" असे उत्तर मिळते आणि तो यूएचएसच्या वाटेला जात नाही. बोर्डावर १.८ व्होल्टची सोय नाही हे सांगणारा एसडी होस्टचा स्वतंत्र गुणधर्मही आम्ही लिहिला. कर्नलला त्याची गरज नव्हती, पण फाईल वाचणाऱ्या पुढच्या माणसाला होती. कार्डाचा वेग आता सेकंदाला २५ मेगाबाइटांपर्यंतच जातो, आणि मिनिटाला एक ओळ लिहिणाऱ्या उपकरणाला तो कितीतरी जास्त आहे.

एडीसीच्या ड्रायव्हरमधली मागणी मात्र आम्ही काढली नाही. काही सहकाऱ्यांच्या मते ती आता निरर्थक होती. माझे मत तसे नव्हते. व्होल्टेज बदलण्याची परवानगी नसली तरी सध्याचे व्होल्टेज मागितलेल्या मर्यादेत असेल तर कर्नल होकार देतो, त्यामुळे त्या ओळीचा कोणालाही अडथळा होत नाही, आणि उद्या कोणी ते दोन आकडे पुन्हा सैल केले तर एडीसी गप्प बसणार नाही. शिवाय सुरू होताना ड्रायव्हर प्रत्यक्ष व्होल्टेज वाचतो आणि ते २.७ च्या खाली असेल तर वाचन सुरूच करत नाही. पातळी माहीत नाही असे पडद्यावर दिसणे, चुकीची पातळी दिसण्यापेक्षा पंपघरातल्या माणसाच्या कितीतरी उपयोगाचे असते. तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर एडीसीला तिचा स्वतंत्र एलडीओ परत दिला आहे.

नवे सॉफ्टवेअर दुरून पाठवल्यावर एक अनपेक्षित मदत झाली. नुसते रीबूट केल्याने पॉवर चिपचे रजिस्टर पुसले जात नाही, म्हणून जी उपकरणे त्या क्षणापर्यंत १.८ व्होल्टवर चालत होती, त्यांच्या पहिल्याच नोंदीत १८ लाखांवरून ३३ लाखांवर आणत आहे अशी ओळ आली. बाकीच्यांत ती आली नाही. ती ओळ आम्ही सर्व उपकरणांच्या नोंदींत शोधली आणि सात उपकरणे निघाली. तक्रार त्यांपैकी तीनच ठिकाणांहून आली होती. सातही ठिकाणी जाऊन आम्ही एडीसीच्या चिपा बदलल्या, सोसायटीच्या सचिवांना घडलेला प्रकार समोर बसून सांगितला, आणि नवे कार्ड बसवल्यापासूनची वाचने विश्वासार्ह नाहीत असे लेखी दिले. परळच्या सोसायटीत पंपवाले काका पातळी रोज सकाळ-संध्याकाळ खडूच्या खुणेवर पाहून एका वहीत लिहीत होते. त्या दिवसांचे आकडे आता त्यांच्या वहीतून घेतले आहेत.